संघ कोणाचा? नावाचे ऋण आणि हँडबॉल लीगचा एक हंगाम

प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम ८ ते २५ जून २०२३ या काळात जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये झाला. महाराष्ट्र आयर्नमेन, गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश, राजस्थान पेट्रियट्स, दिल्ली पँझर्स, तेलुगू टॅलन्स आणि गर्वित गुजरात असे सहा संघ त्यात उतरले. साखळी आणि उपांत्य फेऱ्या संपल्यावर अंतिम सामन्यात महाराष्ट्र आयर्नमेनने गोल्डन ईगल्सचा ३८-२४ असा पराभव केला. विजेत्या संघाची मालकी पुण्याचे उद्योजक पुनीत बालन यांच्या समूहाकडे होती. संघात मोल्दोव्हाचा इगोर चिसेलिओव्ह होता, इराणचा जलाल कियानी होता आणि उत्तर भारतातून व सेनादलातून आलेले भारतीय खेळाडू होते. सगळे सामने एकाच शहरात ठेवले असल्यामुळे महाराष्ट्राच्या नावाने खेळणारा हा संघ महाराष्ट्राच्या भूमीवर एकदाही खेळला नाही.

या विजयात महाराष्ट्राचे नेमके काय होते, हा प्रश्न येथे उभा राहतो. तो हँडबॉलपुरता नाही. प्रो कबड्डी, आयपीएल, युरोपातील आंतरराष्ट्रीय क्लब लीग, सर्वत्र तो आहे आणि खेळाच्या बाहेर तर फारच मोठा आहे. एखादी गोष्ट ‘आपली’ कशाने होते? जन्माने, कराराने की आणखी कशाने? भारतीय दर्शनांनी आणि महाकाव्यांनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे आणि हँडबॉल हा त्याची परीक्षा घेण्यासाठी विलक्षण सोयीचा खेळ आहे.

त्याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानावर प्रत्येक बाजूचे सात खेळाडू असतात, त्यांतला एक गोलरक्षक. ३० मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त तो धरून ठेवता येत नाही, म्हणजे तो सतत आपटावा, फेकावा किंवा दुसऱ्याकडे द्यावा लागतो. बदली खेळाडू मात्र कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही, पंचांना सांगावे लागत नाही. आपल्या बाकासमोरच्या ठरलेल्या भागातून एकाने बाहेर यायचे आणि दुसऱ्याने आत जायचे. आक्रमणाला एक चमू आणि बचावाला दुसरा, अशी अदलाबदल मोठे संघ मिनिटामिनिटाला करतात. २०१६ पासून तर गोलरक्षकाला बाहेर काढून सातवा आक्रमक आणण्याची वाटही अधिक मोकळी झाली. एका सामन्यात मैदानावरचे सात चेहरे अनेकदा बदलतात, तरी फलकावर संघाचे नाव एकच राहते आणि गोल त्याच नावापुढे जमा होतात.

मग तो संघ म्हणजे कोण? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात हाच वाद रथावरून झाला आहे. मिलिंद म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा मिनँडर. नागसेन त्याला विचारतो की राजा ज्या रथातून आला तो रथ म्हणजे आस आहे काय, चाक आहे काय, जू आहे काय. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग मिळून रथ काय, तर तेही नाही; भागांच्या पलीकडे वेगळा रथ काय, तर तोही नाही. अखेर ठरते ते असे की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हा एक व्यवहार चालतो, एक संज्ञा चालते, त्यापलीकडे रथ नावाचा पदार्थ नाही. नागसेनाला हे सिद्ध करायचे होते ते माणसाबद्दल. रथ हा दृष्टान्त होता. संघाला तो लावला तर महाराष्ट्र आयर्नमेन ही एक सोयीची संज्ञा ठरते, करार आणि जर्सी यांच्या आधाराने काही दिवस चाललेली.

नैयायिकांना हे मान्य नव्हते. न्यायसूत्रे आणि त्यांवरचे वात्स्यायनाचे भाष्य अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ मानतात. धागे एकत्र आले की वस्त्र ही नवी वस्तू निर्माण होते, ती धाग्यांत समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने राहते, पण ती म्हणजे धागे नव्हेत. यासाठी दिलेले एक प्रमाण फार सुंदर आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचे एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातात आलेला भागच हलला असता. म्हणजे एका भागाला लागलेला ओढा सगळ्यापर्यंत पोहोचत असेल तर तेथे अवयवी आहे.

मात्र त्याच न्यायग्रंथांत सेना आणि वन हे दृष्टान्त येतात ते केवळ समूहाचे म्हणून. दुरून सेना एक दिसते, वन एक दिसते. प्रत्यक्षात असतात ते सैनिक आणि झाडे. नैयायिकाच्या काटेकोर हिशेबाने खेळाडूंचा संघही सेनेच्याच रांगेत बसेल. येथे त्यांच्या निकषाने त्यांच्याच वर्गीकरणाला प्रश्न विचारावा लागतो आणि हँडबॉल तो विचारू देतो. या खेळात धसमुसळ्या खेळासाठी दोन मिनिटांची शिक्षा नेहमीची आहे. मोठ्या सामन्यांत ती अनेकदा दिली जाते. चूक एकाची, पण ती दोन मिनिटे संपूर्ण संघ एका खेळाडूने कमी होऊन खेळतो. बचावाची भिंत सरकते, गोलरक्षकाचा कोन बदलतो, आक्रमणाची चाल बदलते. एक टोक ओढले आणि सगळे वस्त्र ओढले गेले. सेनेबद्दल प्राचीनांनी जे म्हटले ते दुरून पाहिलेल्या सेनेबद्दल होते. आतून पाहिले तर जेथे एकाच्या कृतीचा भार सगळ्यांना उचलावा लागतो तेथे समूहाहून जास्त काहीतरी असते. संघाला अस्तित्व देते ती भार वाटून घेण्याची ही रीत; माणसे तीच राहण्याची गरज नाही.

महाराष्ट्राला याचे फार जुने उदाहरण माहीत आहे. आषाढी वारीत आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यात रथाच्या पुढे आणि मागे दिंड्या असतात, त्यांना क्रमांक असतात आणि तो क्रम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो. दिंडीतले वारकरी दर वर्षी बदलतात, म्हातारे थकतात, नवे येतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. दिंडी तीच राहते, कारण ठरलेल्या जागी चालणे, ठरलेले अभंग म्हणणे, मुक्कामाला एकमेकांचे करणे हे व्रत तेच राहते. त्या सोहळ्यात माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. अंकली आज कर्नाटकात आहे. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्यावरही अश्वांचा मान तेथेच राहिला आणि वारी कमी मराठी झाली असे कोणालाही वाटले नाही.

तरीही जन्माचा दावा सहज बाजूला ठेवता येत नाही. पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा गावोगाव होतात. त्यांतल्या काही खुल्या असतात: संघ बाहेरून नावाजलेले फलंदाज-गोलंदाज आणतात, बक्षिसाची रक्कम मोठी असते. आणि काही ‘एक गाव एक संघ’ या नियमाच्या असतात. त्यांत त्या गावचाच खेळाडू चालतो, आधार कार्ड पाहिले जाते. हा नियम कोणी विद्वानाने केलेला नाही. खुल्या स्पर्धांत गावाचे नाव राहते पण गावातली पोरे बाकावर बसतात, हे पाहून तो आला. त्यामागची व्यथा खरी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे.

पण विचुंबेसारख्या ठिकाणी हा नियम लावू गेले की प्रश्न पुन्हा उघडतो. नवीन पनवेलला लागून असलेल्या या गावात जुनी घरे आहेत, गावदेवी आहे, शेताच्या बांधांची आठवण असलेली माणसे आहेत. भोवती इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, परराज्यांतली कुटुंबे राहायला आली. त्या इमारतीत जन्मलेल्या मुलाचे आधार कार्ड विचुंब्याचे आहे. तो गावचा आहे की नाही? कार्ड हो म्हणते. जुनी माणसे थोडा विचार करतात. शिमग्याला आणि गावदेवीच्या जत्रेला तो वर्गणी देतो का, ओझे उचलायला येतो का, मयताला खांदा द्यायला येतो का, हे ती पाहतात. म्हणजे कागद आणि रक्त या दोहोंपेक्षा वेगळी अशी एक तिसरी कसोटी त्यांच्याजवळ आधीपासून असते, फक्त ती नियमात लिहिलेली नसते.

जगात जन्माचा नियम सर्वांत निष्ठेने पाळणारा मोठा क्लब म्हणजे स्पेनमधला अथलेटिक बिल्बाओ. हा फुटबॉल क्लब बास्क प्रदेशाशी जन्माने किंवा त्या प्रदेशातील क्लबमध्ये घडलेल्या प्रशिक्षणाने जोडलेलेच खेळाडू घेतो आणि तरीही स्पेनच्या वरच्या श्रेणीतून तो कधीच खाली गेलेला नाही. मात्र प्रशिक्षण हा पर्याय त्या नियमात शिरला आहे हे ध्यानात घ्यावे. केवळ रक्ताचा निकष बिल्बाओलाही पुरला नाही. तेथे वाढणे, तेथे घडणे हेही जन्माच्या बरोबरीने मोजावे लागले.

महाभारतात हा वाद रंगभूमीवर, म्हणजे अक्षरशः खेळाच्या मैदानावर होतो. कौरव-पांडवांच्या शस्त्रविद्येचे प्रदर्शन चालू असताना कर्ण येतो आणि अर्जुनाने केलेले सर्व करून दाखवतो. कृपाचार्य त्याला कुल विचारतात. कौशल्य सर्वांनी पाहिलेले असते. तरी द्वंद्वाचा अधिकार कुलावर अडतो. दुर्योधन तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. हा एका अर्थाने करारच होता: पात्रता हवी म्हणून एका प्रदेशाचे नाव त्याच्या नावाला जोडले गेले.  मग कर्णाला वाढवणारा अधिरथ सूत येतो, भीम त्याला टोचून बोलतो आणि सूर्य मावळल्यावर सभा उठते. निर्णय होत नाही.

निर्णय उद्योगपर्वात होतो आणि तो कर्ण स्वतः देतो. कृष्ण त्याला त्याचा खरा जन्म सांगतो, पांडवांतला ज्येष्ठ म्हणून राज्य देऊ करतो. जन्म आता कर्णाच्या बाजूने उभा असतो, तरी कर्ण तो नाकारतो. त्याने दिलेली कारणे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. राधेला त्याच्या प्रेमाने पान्हा फुटला, अधिरथाने त्याचे जातकर्म केले, नाव ठेवले, लग्ने लावून दिली. दुर्योधनाने त्याच्या भरवशावर युद्ध उभे केले. तो रक्ताची बाजू मांडत नाही आणि अंगदेशाच्या अभिषेकाचाही हवाला देत नाही. कोणी आपल्यासाठी काय केले आणि त्यामुळे आपण कोणाचे देणे लागतो, याची तो यादी करतो. त्याने निवडलेली बाजू अधर्माची होती, हे महाभारत लपवत नाही, आणि म्हणून कर्णाचे उत्तर आदर्श म्हणून घेता येत नाही. पण आपलेपणाचे मूळ त्याने जेथे दाखवले ते अचूक आहे.

संतपरंपरा याच बाजूने साक्ष देते. पंढरपूरच्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांच्या अभंगात कानडा म्हटले आहे, आणि महाराष्ट्राचे आराध्य दैवत तेच आहे. उलट दिशेने, संत नामदेव पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबी माणूस त्यांना भगत नामदेव म्हणून आपले मानतो. दैवताच्या किंवा संताच्या बाबतीत महाराष्ट्राने जे शतकानुशतके मान्य केले, ते खेळाडूच्या बाबतीत मान्य करायला हरकत कसली? रोहतकजवळचा मुलगा महाराष्ट्राच्या जर्सीत घाम गाळतो तेव्हा तो नामदेवांच्याच वाटेवर उलट बाजूने चालत असतो.

हरकत एकच आहे आणि ती करारातून येते. नामदेवांना कोणी लिलावात घेतले नव्हते. फ्रँचायझी लीगमध्ये खेळाडूचे नाव पुकारले जाते, बोली लागते, किंमत ठरते. २०१८ मध्ये इराणचा फझल अत्राचली यू मुंबाने एक कोटी रुपयांना घेतला तेव्हा प्रो कबड्डीत कोटीची रेषा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू ठरला आणि आकड्याचीच चर्चा झाली. माणसाच्या बोलीबद्दल भारतीय मनात एक जुनी अस्वस्थता आहे, कारण द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न अजून हवेत आहे: स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळले. त्या प्रश्नाच्या मुळाशी हे आहे की माणसातल्या काही गोष्टी दुसऱ्याच्या ताब्यात कधीच जात नाहीत. खेळाडूच्या करारात वेळ आणि कौशल्य दिले जाते. निष्ठा दिली जात नाही, देता येतही नाही. ती कराराच्या बाहेरून, नंतर, आली तर येते.

ती न येता केवळ करारावर संघ उभा केला तर काय होते याचे टोकाचे उदाहरण हँडबॉलनेच दाखवले. २०१५ ची पुरुषांची जागतिक स्पर्धा कतारमध्ये झाली. यजमान संघात क्युबात जन्मलेला राफाएल कपोते, मॉन्टेनेग्रोचा झार्को मार्कोविच, पूर्वी बोस्नियाकडून खेळलेला गोलरक्षक दानिजेल शारिच असे कितीतरी खेळाडू नवे नागरिकत्व घेऊन आलेले होते आणि प्रशिक्षक होते स्पेनचे व्हालेरो रिव्हेरा. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि फ्रान्सकडून २५-२२ असा हरला. नियमात सारे बसत होते. पण प्रोत्साहनासाठी स्पेनहून प्रेक्षकही खर्च देऊन आणल्याच्या बातम्या तेव्हा आल्या आणि लोक चमकले ते तेथे. परदेशी खेळाडू समजू शकतो, परदेशी प्रशिक्षकही समजू शकतो. विकत आणलेला प्रेक्षक समजत नाही. कारण प्रेक्षक हाच तो पक्ष, ज्याच्या नावाने सगळे चालले आहे असे म्हटले जाते.

याच्या शेजारी दोन वर्षांनंतरचे दुसरे दृश्य ठेवावे. उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीतला, स्कोप्ये शहरातला वर्दार हा क्लब. मालक रशियन उद्योजक सर्गेई समसोनेंको, प्रशिक्षक स्पेनचा राऊल गोन्झालेस, संघात क्रोएशिया, स्पेन, रशिया अशा देशांचे खेळाडू. २०१७ च्या युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात कलोन येथे पॅरिसच्या बलाढ्य संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी क्रोएशियाच्या इव्हान चुपिचने गोल केला आणि वर्दारने २४-२३ असा विजय मिळवला. कागदावर हा संघ कतारच्या संघाहून फारसा वेगळा नव्हता. पण स्कोप्येच्या चौकात लोटलेली गर्दी कोणी आणलेली नव्हती. वर्षानुवर्षे त्याच सभागृहात ती येत होती, हरलेल्या रात्रीही येत होती. खेळाडू त्या शहरात राहिले होते, तेथल्या बाजारात गेले होते. दोन संघ, दोन्हीकडे परक्यांचा भरणा, दोन्ही कायदेशीर. तरी एक शहराचा झाला आणि दुसऱ्याभोवती शंका राहिली.

हा फरक सांगायला भारतीय परंपरेतली ऋण ही कल्पना उत्तम उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यात चौथे घालते, मनुष्यऋण. पहिली तीन यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने फिटतात. चौथे फिटते ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन. म्हणजे चौथे ऋण ज्याचे फेडायचे तो कोण, हे आधी ठरलेले नसते. जो दारी येतो त्याचे ते. जन्माशी किंवा कराराशी त्याचा संबंध नाही. आलेल्याला ठेवून घेतले की नाते सुरू होते आणि ते दोन्ही बाजूंना बांधते.

संघाला दिलेले प्रदेशाचे नाव या अर्थाने ऋण आहे. ‘महाराष्ट्र’ हे नाव कोणत्याही समूहाने स्वतः घडवलेले नाही. ते शतकांनी घडवलेले आहे, त्यात ज्ञानेश्वर आहेत, शिवाजी महाराज आहेत, संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मा झालेली माणसे आहेत. जर्सीवर ते छापले की त्या नावाबद्दलची लोकांची माया संघाला आयती मिळते आणि तेवढे देणे डोक्यावर येते. नाव विकत घेतले असे व्यवहारात म्हणता येईल, पण असे नाव विकण्याचा हक्क कोणाजवळही नसतो. ते उसने घेतलेले असते.

या दृष्टीने २०२३ च्या हंगामाकडे पाहिले तर चिसेलिओव्ह किंवा कियानी यांच्याविषयी तक्रारीला जागा उरत नाही. त्यांनी आपला वाटा मैदानावर फेडला, अंतिम सामन्यातल्या १४ गोलांच्या फरकाने फेडला. त्यांना परके म्हणणे हा अतिथीचा अपमान आहे. उणीव राहते ती हंगामाच्या रचनेत. नव्या खेळाला सहा शहरांत सभागृहे, प्रवास आणि तिकिटे यांचा खर्च पेलत नाही, प्रक्षेपण एका जागेवरून सोपे जाते, ही अडचण खरी आहे. परंतु त्यामुळे ऋणाची परतफेड ज्या ठिकाणी व्हायची ते ठिकाणच वगळले गेले. पनवेलच्या शाळेतल्या मुलाने महाराष्ट्राचा संघ पडद्यावर पाहिला. त्याला तो संघ सरावाला येऊन भेटला असता, चेंडू कसा पकडायचा हे दाखवून गेला असता, तर कियानी हे नाव त्याच्यासाठी त्याच्या गल्लीतले झाले असते. पाहुण्या खेळाडूला असे आपले मानणे कबड्डीत घडले आहे. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि बचावाचा कणा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. दोघांपैकी कोण जास्त पुणेरी हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही. महाराष्ट्रात कबड्डीची मुळे खोल आहेत, नगर आणि रायगडच्या मातीत तो खेळ रोज खेळला जातो, म्हणून पाहुणा खेळाडू लगेच घरात येतो. हँडबॉलला अजून ती माती तयार करायची आहे.

ऋण प्रतिस्पर्ध्याचेही असते, हे बाल्कन प्रदेशातल्या सेहा हँडबॉल लीगवरून दिसते. क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, उत्तर मॅसेडोनिया अशा देशांचे क्लब २०११ पासून या एका लीगमध्ये एकत्र आले. झाग्रेब, सारायेवो, बान्या लुका, नोवी साद ही शहरे १९९० च्या दशकात ज्या देशाच्या फुटीतून आणि युद्धांतून गेली, त्याच शहरांचे संघ एकमेकांच्या गावी जाऊ लागले. युद्ध विसरले गेले असे मुळीच नाही. पण सामना खेळायचा तर यजमानाने पाहुण्या संघाला हॉटेल, सरावाची वेळ, सुरक्षित वाट द्यावी लागते आणि पुढच्या फेरीत तोच पाहुणा यजमान होतो. शतपथ ब्राह्मणातले चौथे ऋण येथे वेळापत्रकात लिहिलेले असते. अशा लीगचे नैतिक मोल विजेता कोण यापेक्षा या येण्या-जाण्यात जास्त आहे. जयपूरच्या एका सभागृहात सहा संघ खेळले तेव्हा हे येणे-जाणे झालेच नाही, राजस्थान सोडून पाचही संघ पाहुणेच राहिले.

यातून आणखी एक प्रश्न निघतो, ऋण संपते कधी याचा. फझल अत्राचलीने २०१५ मध्ये यू मुंबासोबत विजेतेपद मिळवले, पुढे त्याच संघाचे नेतृत्व केले आणि २०२२ मध्ये तो पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. जुन्या संघाविरुद्ध त्याने पूर्ण ताकदीने पकडी केल्या. ही कृतघ्नता म्हणता येत नाही. हंगामाचे ऋण त्या हंगामातल्या खेळाने फिटते आणि नव्या संघाशी प्रामाणिक राहण्यासाठी जुन्याशी झुंजावेच लागते. सर्व ऋणे आयुष्यभराची मानली तर कर्णाची शोकांतिका प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला येईल. येथे करार उपकारक ठरतो, कारण तो देण्याची मुदत ठरवतो.

एका बाबतीत मात्र मुदत लागू होत नाही. हँडबॉल हा धडकांचा खेळ आहे. सतत फेकण्याने खांदा झिजतो, उडी मारून वळताना गुडघ्याचे अस्थिबंध तुटतात. हंगामात दुखावलेला गुडघा हंगामाबरोबर बरा होत नाही. करार २५ जूनला संपला आणि शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली, तर ते दुखणे कोणाचे? करार म्हणतो खेळाडूचे, जन्माचा नियम म्हणतो त्याच्या गावाचे. दोन मिनिटांच्या शिक्षेत एकाची चूक साऱ्या संघाने वाहिली, त्याच न्यायाने एकाची जखमही ज्या नावासाठी झाली त्या नावाने वाहायला हवी: उपचाराचा खर्च, विम्याची मुदत हंगामापलीकडे वाढवणे, बरे होईपर्यंतचे मानधन. गावच्या स्पर्धेत पाय मोडलेल्या पोरासाठी मंडळ वर्गणी काढते, त्यात तो त्याच गावचा की बाहेरून आणलेला हे पाहिले जात नाही. फ्रँचायझी लीगच्या नियमावलीत हे कलम जितके ठळक असेल तितका तो संघ त्या प्रदेशाचा मानता येईल, मग त्यात जन्माने मराठी खेळाडू एकही नसला तरी.